मुलीचे ‘नव्वद टक्के’ आणि वडिलांचे ‘साडेएकतीस महिने’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं असेल तर सांगा.

घरात एकाच वेळी दोघं आजारी आहेत. मुलगी साडेपाच वर्षांची, तिला बी-सेल ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं ‘एएलएल’ म्हणतो तो रक्ताचा कर्करोग. इंडक्शनचा, म्हणजे सुरुवातीच्या केमोचा, पहिला महिना पार पडलाय, २९व्या दिवसाची एमआरडी (मज्जेत उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलीय, आणि हॉस्पिटलने एका ट्रायलचं, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासाचं, संमतिपत्र हातात ठेवलंय. तुमचे वडील ७१ वर्षांचे. त्यांना मूत्राशयाचा युरोथेलियल, म्हणजे आतल्या अस्तरातला, कर्करोग आहे आणि तो ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सपर्यंत गेलाय. मुलीबद्दल डॉक्टर म्हणाले, ‘नव्वद टक्के’. वडिलांबद्दल तुम्ही रात्री जागून नेटवर एका ठिकाणी ३१.५ महिने वाचलंत, दुसरीकडे २१.४, तिसरीकडे नऊ. यातला खरा आकडा कुठला, मुलीवर ‘प्रयोग’ होऊ द्यायचा का, आणि दोघांचं एकदम निघालं म्हणजे घराण्यातच काही आहे का, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी जिल्ह्याच्या गावात मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आहे. मुंबई-पुण्याला लहान मुलांचे कर्करोग बघणारे डॉक्टर वेगळे असतात. आमच्याकडे सकाळी आठला एखाद्या चिमुरड्याच्या मणक्यातलं इंजेक्शन आणि साडेनऊला सत्तरीतल्या आजोबांची केमो, दोन्ही माझ्याकडेच. त्यामुळे तुमच्या घरातल्या दोन्ही फायली माझ्या ओळखीच्या आहेत. तरी मुलीचा सायटोजेनेटिक्सचा रिपोर्ट (ल्युकेमियाच्या पेशींतले गुणसूत्रांचे बदल) आणि वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बऱ्याच गोष्टी त्यावर ठरतात. जिथे ठरतात तिथे तसं सांगेन.

घराण्याचा प्रश्न आधी उरकून टाकू, कारण तो मनाला सगळ्यात जास्त खातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे. या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध जोडायला तुम्ही लिहिलेल्यात काही नाही. मुलांच्या एएलएलमधला पहिला जनुकीय बिघाड पुष्कळदा आईच्या पोटातच, पेशी वाढताना योगायोगाने झालेला असतो. तो आईबापांकडून आलेला नसतो, आणि कोणाच्या खाण्यापिण्याचा त्यात दोष नसतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर. वडील चाळीस वर्षं बिडी ओढत होते असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून साठलेली असते. न दुखता लाल लघवी झाली की ती ‘उष्णता’ किंवा ‘इन्फेक्शन’ समजून महिनोन्‌महिने औषधं चालतात, तसंच तुमच्याकडेही झालं. ते माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याशिम्म्या घरांत होतं, त्यामुळे ‘आधी कळायला हवं होतं’ याचं ओझं तुम्ही एकट्याने वाहू नका.

आता मुलीचे नव्वद टक्के.

हा आकडा कुठून आला ते माहीत असलं की ट्रायलच्या कागदाची भीती कमी होते, म्हणून थोडं मागे जाते. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिल्याचे निष्कर्ष छापले. दहा जणांना तात्पुरता आराम पडला होता. तोवर ही मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथे संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमहून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आज तुमच्या मुलीला मणक्यातून जे मेथोट्रेक्सेट मिळतं ते त्याच औषधाचं भावंड. पुढे १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं. तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी सगळी औषधं एकत्र वापरायची, मेंदू-मणक्यात लपलेल्या पेशींवरही इलाज करायचा आणि उपचार दोन-तीन वर्षं चालू ठेवायचे, असा क्रम बसवला. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडची जवळपास निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. तेव्हापासून आजच्या आकड्यापर्यंतच्या प्रवासात एकही चमत्कारी शोध नाही म्हटलं तरी चालेल. वापरायची औषधं बहुतेक तीच राहिली. कुठलं किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कोणाला कमी दिलं तरी भागतं, हे हजारो आईबापांनी सही केलेल्या ट्रायल्समधून उलगडत गेलं.

‘कमी’ हा शब्द मुद्दाम वापरला. ब्रिटनच्या यूकेएएलएल २००३ या ट्रायलमध्ये तीन हजारांहून जास्त मुलं आणि तरुण होते. इंडक्शननंतर ज्यांच्या मज्जेत दहा हजारांत एकसुद्धा ल्युकेमियाची पेशी सापडत नव्हती, म्हणजे तुमच्या मुलीसारखी ज्यांची एमआरडी निगेटिव्ह होती, त्यांतल्या काहींसाठी चिठ्ठी टाकली गेली: पुढची तिखट केमो, जिला ‘डिलेड इन्टेन्सिफिकेशन’ म्हणतात, ती एकदा द्यायची की दोनदा? पाच वर्षांनी आजार न उलटता ठणठणीत असलेली मुलं दोनदाच्या गटात ९५.५ टक्के, एकदाच्या गटात ९४.४ टक्के. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. म्हणजे दुसऱ्या खेपेचं केस जाणं, काउंट (रक्तपेशींची संख्या) पडणं, ॲडमिट होणं, हे सगळं त्या मुलांना टाळता येतं. सासरे म्हणाले ना, ‘पोरीवर प्रयोग करतील’? त्यांना हे सांगा.

आता आकड्यातली खरी मेख. दोन हॉस्पिटलांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करू नका, आणि का करू नये ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवते. समजा १०० मुलं उपचाराला आली. पाच जण पहिल्याच महिन्यात जंतुसंसर्गाने गेली. दहांना घरच्यांनी मध्येच नेलं, कुणाचे पैसे संपले, कुणाला वाटलं आता पोरगं बरं दिसतंय. पंधरांचा आजार उलटला, त्यातली पाच पुढच्या उपचाराने जगली. उरली ७०, ती पहिल्याच उपचारात बरी झाली. एक हॉस्पिटल प्रामाणिकपणे ‘७० टक्के’ लिहील. दुसरं म्हणेल, उपचार सोडून गेलेले आमच्या हिशेबात नाहीत, मग ९० पैकी ७० म्हणजे ७८ टक्के. तिसरं घड्याळ इंडक्शननंतर सुरू करील, तेव्हा ८५ पैकी ७० म्हणजे ८२. चौथं ‘आजार उलटला नाही’ असं न मोजता ‘जिवंत आहे’ असं मोजेल: ८५ पैकी ७५, म्हणजे ८८ टक्के. मुलं तीच आणि उपचारही तोच, तरी आकडा ७० पासून ८८ पर्यंत फिरला, आणि चौघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही.

म्हणून डॉक्टरांना ‘किती टक्के’ असं विचारण्याऐवजी विचारा: हे टक्के कुठल्या मुलांचे, कुठल्या दिवसापासून मोजलेले, आणि उपचार सोडून गेलेल्यांना त्यात कुठे धरलंय? परदेशी आकड्यांत शेवटच्या प्रश्नाला फारसं महत्त्व नसतं, कारण तिकडे उपचार अर्धवट सोडणारे अगदी थोडे. आपल्याकडे त्याच खिंडीत बरीच मुलं गमावली जातात. तुमच्या मुलीचा पहिला घाट ओलांडून झालाय आणि एमआरडीही निगेटिव्ह आहे. सायटोजेनेटिक्समध्ये वाईट काही निघालं नसेल, तर तुमच्या डॉक्टरांचे ‘नव्वद’ मला फुगवलेले वाटत नाहीत. फक्त त्या नव्वदात एक अट न बोलता धरलेली असते: पुढची दोन-सव्वादोन वर्षं एकही पायरी गाळायची नाही.

तुम्ही ब्लिनाट्युमोमॅबबद्दलही विचारलंय, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींना ल्युकेमियाच्या पेशींवर सोडणाऱ्या औषधाबद्दल. खरं आहे, अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या ज्या ट्रायलचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये आले, त्यात नेहमीच्या केमोबरोबर हे औषध दिलेल्या मुलांपैकी ९६ टक्के तीन वर्षांनी आजाराविना होती, नुसत्या केमोच्या गटात ८७.९ टक्के. फरक इतका ठळक होता की चिठ्ठ्या टाकणं ठरल्यापेक्षा आधीच थांबवलं. पण बारकावे बघा. ज्या मुलांचा धोका मुळातच सगळ्यात कमी, ती या चिठ्ठीत नव्हतीच, कारण त्यांना याशिवायही उत्तम गुण येतो. काही मुलांना या औषधाच्या गटात रक्तातला जंतुसंसर्ग जास्त झाला. आणि औषध एकेका खेपेला सलग २८ दिवस, रात्रंदिवस पंपाने द्यावं लागतं. तेव्हा तुमची मुलगी कुठल्या गटात बसते, हे कळल्याशिवाय ‘तिला मिळालं नाही’ म्हणून झुरण्यात अर्थ नाही. रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना सरळ विचारा. तिला त्याची गरज असेल तर तेही सांगतील.

संमतिपत्राकडे वळते. त्यावर नेमका कुठला प्रश्न तपासला जाणार आहे ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे ‘सही करा’ किंवा ‘करू नका’ असं मी इथून सांगणार नाही. पण वाचायचं कसं ते सांगते. आधी शोधा, दोन गटांत फरक कशाचा आहे. भारतातल्या मोठ्या केंद्रांनी, मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय आणि कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर यांनी मिळून मुलांच्या एएलएलसाठी ‘आयसिकल’ नावाची ट्रायल उभी केली. तिच्यातला एक प्रश्न असा होता: इंडक्शनमधले प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे दिवस कमी केले तर आजारावरची पकड न सोडता जंतुसंसर्गाचे मृत्यू टाळता येतील का? हा प्रश्न परदेशातून उसना घेतलेला नव्हता, तो आपल्या वॉर्डातूनच वर आला होता. स्टिरॉइड दोन्ही गटांना, फरक फक्त दिवसांचा. तुमच्या कागदावरही असं काही असेल, तर ‘प्रयोग’ या शब्दाने डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं त्याचा आणि याचा काही संबंध नाही. कागदावर सर्वस्वी नवीन औषध असेल, तर मात्र सावकाश, दोनदा वाचा.

कॉम्प्युटर गट ठरवतो, डॉक्टर नाही, हे ऐकून बऱ्याच आईबापांना डॉक्टरांनी हात झटकल्यासारखं वाटतं. एका बापाने मला तोंडावर विचारलं होतं, ‘मॅडम, तुमची मुलगी असती तर कुठल्या गटात टाकली असती?’ मी म्हटलं, ‘ते मला ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकायची वेळच आली नसती.’ हे उत्तर त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण डॉक्टरला जर आतून पक्कं वाटत असेल की अमुक गटच चांगला, तर त्याने त्या रुग्णाला चिठ्ठीत घालणं हीच फसवणूक ठरेल.

आणखी काही गोष्टी कागदावर असायलाच हव्यात. संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा मराठीत, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक (तो नेटवर घालून ट्रायल खरी आहे का ते स्वतः बघता येतं), एथिक्स कमिटीचा संपर्क, कुठल्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येईल आणि तरी नेहमीचे उपचार चालू राहतील असं स्पष्ट वाक्य, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च व भरपाई कोणाकडे. २०१९च्या नियमांनी हे बंधनकारक केलंय. सात वर्षांवरच्या मुलांची स्वतःची संमतीही घेतात. तुमची लेक त्याहून लहान आहे, तरी तिला तिच्या भाषेत सांगा. पाच वर्षांच्या पोरीला आपल्यापेक्षा जास्त कळत असतं. आणि हॉस्पिटलने ‘आत्ताच्या आत्ता सही करा’ असं म्हटलं असेल, तर एक रात्र मागून घ्या. इंडक्शन संपल्यावर एवढी घाई क्वचितच असते.

खरं सांगू का? तुम्ही ट्रायलचा कागद धरून बसलात, पण तिच्या जिवाला त्याहून जास्त फरक घरातल्या दोन गोष्टींनी पडणार आहे.

पहिली, ताप. १००.४ फॅरनहाइट दिसलं की पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना तो ताप म्हणजे घराला लागलेली आग. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. आत्ताच ठरवा: रात्री दोनला गाडी कोणाची, जवळच्या कुठल्या दवाखान्यात पहिला डोस मिळतो, फाइल कुठल्या पिशवीत. आमच्याकडे प्रत्येक घराला मी एक चिठ्ठी देते: ‘या मुलाची केमो चालू आहे, ताप आहे, रिपोर्टसाठी थांबू नका, अमुक इंजेक्शन आधी द्या.’ तशी चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुसरी, मेंटेनन्समधली, म्हणजे शेवटच्या लांबलचक टप्प्यातली, ६-एमपीची गोळी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन. तोवर केस परत आलेले असतात, पोर शाळेत जायला लागलेलं असतं आणि गोळी विसरायला लागते. अमेरिकेतल्या अभ्यासांत ज्यांनी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. ९५ टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम दीड गोळी चुकली तर चालेल. माझ्याकडची एक आई भिशीच्या वहीच्या मागच्या पानांवर हिशेब ठेवायची. डोस होता आठवड्यातले पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस अर्धी. तिने अख्ख्या गोळीला पूर्ण गोल आणि अर्धीला अर्धा गोल काढलेला, चंद्राच्या कलांसारखा. दोन वर्षांच्या त्या वहीत मला तीन रिकामी घरं सापडली, आणि तिन्हींपुढे कारण लिहिलेलं: ‘उलटी’, ‘डॉ. नी बंद सांगितली’, ‘दुकान बंद’. उलट, गोळी नेमाने घेऊनही काउंट फारच पडत असतील, तर एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी विचारा. त्यातला बदल आपल्या आशियाई लोकांत युरोपियनांपेक्षा बराच जास्त सापडतो आणि अशा मुलांना कमी डोस पुरतो. डोस डॉक्टरच कमी करतील, तुम्ही मनाने करू नका.

एक जाता जाता. मघाशी म्हटलं की दोन्ही आजारांचा संबंध नाही, पण औषधांच्या वाटेने एक बारीकसा धागा आहे. मुलांच्या एएलएलमध्ये वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड शरीरात मोडताना ॲक्रोलिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो लघवीवाटे जाताना मूत्राशयाच्या अस्तराला भाजतो. म्हणून त्या दिवशी भरपूर सलाइन, गरजेनुसार मेस्ना हे मूत्राशय जपणारं औषध, आणि मुलीला दर दोन तासांनी लघवीला पाठवणं. या औषधाचा एकूण डोस खूप मोठा झाला तर कित्येक वर्षांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुमच्या मुलीच्या प्रकारात एकूण डोस त्या मानाने माफक असतो. घाबरू नका, पण तिच्या अखेरच्या डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधाचा एकूण डोस लिहून घ्या आणि ते कार्ड जन्मदाखल्यासारखं जपा. ती तीस वर्षांची होऊन कुठल्या डॉक्टरकडे जाईल तेव्हा त्यांना ते लागेल.

आता वडील. इथे आकड्याची भाषाच बदलते, आणि तुमचा गोंधळ मुख्यतः तिथे झालाय. मुलीच्या बाबतीत आपण ‘शंभरातले किती बरे होतात’ विचारतो. पसरलेल्या युरोथेलियल कर्करोगात विचारतात, ‘निम्मे लोक किती महिन्यांनंतरही हयात असतात’. हा मध्यक झाला. ती मुदत नव्हे. रांगेतल्या मधल्या माणसाची जागा दाखवण्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं.

यात माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त एसटी कंडक्टरना याच आजारात मी ‘साधारण नऊ महिने’ असं सांगून बसले. त्यांची मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती, ती त्यांनी रद्द केली. ‘नऊ महिन्यांसाठी डोळ्यावर खर्च कशाला करायचा?’ गृहस्थ पुढे तीन वर्षं जगले, आणि त्यातली दोन वर्षं धुरकट डोळ्यांनी, भिंत चाचपत. मी चुकले हे कळल्यावर त्यांना घेऊन मीच नेत्रतज्ज्ञांकडे गेले. तेव्हापासून मध्यक सांगायची वेळ आली की मी तीन वाक्यं बोलते: चारातल्या एकाला याहून बरंच कमी मिळतं, निम्मे मधल्या पट्ट्यात असतात, आणि चारातला एक आम्हाला सगळ्यांना खोटं पाडतो.

तुमचे तीन आकडे तीन वेगळ्या रांगांचे आहेत. ‘नऊ’ हा २०१२ साली छापलेल्या युरोपियन ट्रायलमधला. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर किंवा एकूण तब्येत खालावलेली म्हणून सिस्प्लाटिन ही जोरकस केमो झेपणार नाही, अशांना जेमसायटाबिन-कार्बोप्लाटिन ही सौम्य केमो दिली होती, आणि नंतर द्यायला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं, तेव्हा नव्हती. ‘२१.४’ हा २०२० सालच्या ॲव्हेलुमॅब या इम्युनोथेरपीच्या ट्रायलमधला. तिथे घड्याळ केमोचे चार ते सहा डोस झाल्यावर आणि आजार वाढला नाही हे पाहिल्यावर सुरू केलेलं. केमो चालू असताना ज्यांचा आजार वाढला किंवा जे दगावले ते त्या रांगेत उभेच राहिले नाहीत. ‘३१.५’ हा एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन (केमोचं औषध थेट कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेणारं) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपी) या जोडीचा, २०२४ मध्ये छापलेला. त्यात ८८६ रुग्ण होते आणि घड्याळ पहिल्या डोसच्याही आधीपासून. शेजारच्या केमोच्या गटात मध्यक होता १६.१ महिने. म्हणजे २१.४ आणि ३१.५ यांची वजाबाकी करून ‘दहा महिने जास्त’ म्हणणं चूक आहे. ३१.५ आणि १६.१ यांची तुलना मात्र रास्त, कारण ते एकाच रांगेतून चिठ्ठीने पाडलेले दोन गट आहेत.

माझ्या मते या ट्रायलमधला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: जोडीच्या गटात २९.१ टक्के लोकांच्या स्कॅनवरून आजार दिसेनासा झाला, केमोच्या गटात १२.५ टक्के. या आजारात ‘दिसेनासा’ हा शब्द आम्ही पूर्वी फार क्वचित उच्चारायचो. आणि नवीन म्हणजे चांगलं असंही नाही. हेच पेम्ब्रोलिझुमॅब नुसत्या केमोबरोबर जोडून पाहिलं होतं, तेव्हा ते कसोटीला उतरलं नाही.

वडील त्या ८८६ जणांसारखे आहेत का, हे आता तपासायचं. त्यांना मधुमेह आहे, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर, ‘साडेआठच्या आसपास’ असं तुम्ही लिहिलंय. त्या ट्रायलमध्ये आठच्या वरचे रुग्ण घेतलेच नव्हते, कारण एन्फोर्टुमॅबने साखर धोकादायक भडकू शकते. त्याने हातापायांना मुंग्या येतात आणि अंगावर पुरळही उठतं. तेव्हा आधी साखर ताब्यात आणा. दुसरं, मूत्रपिंड. सोनोग्राफीत गाठीने लघवीची नळी दाबून मूत्रपिंड फुगलेलं असेल, तर तिथे स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून क्रिएटिनिन खाली येऊ शकतं, आणि ‘सिस्प्लाटिन झेपणार नाही’ असा शिक्का बसलेला माणूस पुन्हा यादीत येतो. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तिसरं, ते दिवसातला किती वेळ अंथरुणावर असतात? अर्ध्याहून जास्त असेल तर कुठल्याही छापील आकड्यावर विसंबू नका.

पैशांचं बोलायला तुम्ही कचरलात, मी बोलते. मुलीची केमो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. मुंबईत उपचार असतील तर सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत मुलासह आईबापांची राहण्याची मोफत सोय होते, त्यासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. वडिलांच्या नव्या जोडीचा खर्च मात्र शेत विकायला लावणारा असतो. सही करण्याआधी सगळ्या डोसांचा एकूण अंदाज लेखी घ्या, आणि कंपनीची मदत-योजना किंवा एखादी चालू ट्रायल वडिलांसाठी आहे का ते विचारा. पैसे दोघांना पुरणार नसतील तर आधी मुलीची दोन वर्षं बाजूला काढा. तिच्या उपचारात खंड पडला तर ती संधी परत येत नाही. वडिलांसाठी जेमसायटाबिन-कार्बोप्लाटिन आणि आजार आटोक्यात राहिला तर पुढे इम्युनोथेरपी, हा मार्गही खरा उपचारच आहे, त्याला ‘काही केलं नाही’ म्हणत नाहीत. फक्त हे तुम्ही परस्पर ठरवू नका. तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय की वडिलांना अजून ‘लघवीच्या जागी गाठ’ एवढंच सांगितलंय. शरीर त्यांचं आहे, सहीही त्यांचीच लागेल. माझ्या अनुभवात ही म्हातारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून आधी ओळखून असतात, आणि बहुतेक वेळा नातीचं नाव तेच आधी घेतात.

मुलीचा सायटोजेनेटिक्सचा रिपोर्ट, ट्रायलच्या कागदावरचा दोन गटांचा फरक, वडिलांचं क्रिएटिनिन आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडाबद्दल काय लिहिलंय, एवढं कळवलंत तर याहून नेमकं बोलता येईल. रिपोर्ट टाकताना नाव आणि हॉस्पिटलचा नंबर झाका. आणि वडिलांची बिडी सुटलीय की अजून मागच्या अंगणात चालू आहे, तेही लिहा. काउंट पडलेली पोर त्याच घरात श्वास घेतेय.